मुखपृष्ठापुढे नाव कुणाचं?

ताई, नमस्कार. मी २८ वर्षांची आहे. ठाण्यात नौपाड्यात राहते, घरूनच डिझाइनची कामं करते. यंदा एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मिळालं, माझं पहिलंच. मुदत आठ दिवसांची आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. शेवटच्या दोन रात्री उरल्या तेव्हा एआयला वर्णन लिहून चित्र करून घेतलं. तलावाच्या पायरीवर बसून पाण्यात दिवा सोडणारी नऊवारीतली बाई. रंग मी बदलले. बोटं चुकली होती, ती आईचा हात समोर धरून पुन्हा काढली. अंकाचं नाव स्वतः लिहिलं. संपादकांना फार आवडलं. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. आत 'मुखपृष्ठ' म्हणून माझं नाव छापलं जाणार आहे. कॉलेजच्या सरांना चित्र पाठवलं तर त्यांचा लगेच फोन, 'हात किती सुधारला गं तुझा!' त्या रात्रीपासून धड झोप नाही.

त्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने लॉबीसाठी वारली भिंत मागितली आहे. 'एआयवर करा, व्हिनाइलवर प्रिंट काढा, दोन दिवसांत लावून टाका,' असं सेक्रेटरी म्हणाले. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करून देईलच. ताई, मी फसवणूक केली का? की उगाच जुन्या विचारांना धरून बसले आहे? नाव छापू नका.

प्रिय मुली,

वेळ थोडा आहे म्हणून हे उत्तर छापायच्या आधीच तुला मेलने पाठवते आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ बहुतेक वेळा आतल्या पानांपासून वेगळं छापून घेतात, आर्टपेपरवर, कधी दुसऱ्याच प्रेसमध्ये. एकदा प्लेट निघाली की संपादकांच्याही हातात फारसं राहत नाही. म्हणून सगळ्यात आधी त्यांना फोन कर, बाकीचं पत्र नंतर वाच.

फोनवर एवढंच बोल: 'मूळ चित्र मी एआयकडून करून घेतलं आहे. रंग बदलले, हात पुन्हा काढला, अक्षरं माझी आहेत. चालत असेल तर तसं छापा. नको असेल तर चार दिवसांत मी हाताने दुसरं काढून देते.' आईचं ऑपरेशन मध्ये आणू नकोस. कारण खरं आहे, पण ते सांगितलंस की संपादकांना तुझी कीव करावी लागेल आणि मोकळेपणाने नाही म्हणता येणार नाही. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे.

फसवणूक केली का, असं विचारतेस. यंत्र वापरलंस यात मला फसवणूक दिसत नाही. संपादकांपासून आणि सरांपासून ते लपवलंस, ती फसवणूक झाली. अंक अजून छापला गेलेला नाही, तेव्हा ती निस्तरता येण्यासारखी आहे.

संपादक हो म्हणाले तर श्रेयाची ओळ कशी असावी तेही सांगते: 'मुखपृष्ठ : एआयने तयार केलेलं चित्र. रंग, दुरुस्ती व अक्षरलेखन :' आणि पुढे तुझं नाव. रत्नागिरीत किंवा परभणीत अंक विकत घेणाऱ्या आजोबांनाही एका वाचनात कळेल अशी ती हवी. मी या स्पष्टपणावर अडून बसते त्याला कारण आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन अ‍ॅलन यांच्या चित्राला डिजिटल कला विभागात पहिलं बक्षीस मिळालं. चित्र मिडजर्नी या चित्रं करून देणाऱ्या एआयवर केलेलं होतं. त्यांनी नावाबरोबर मिडजर्नीचा उल्लेख केलाही होता, पण मिडजर्नी म्हणजे काय हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. बाहेर समजलं तेव्हा जगभर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांनी सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं आणि हे छायाचित्र नाही, एआयची प्रतिमा आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. नुसतं तांत्रिक नाव लिहून भागत नाही. समोरच्याला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. ही ओळ तुझ्या बाजूची वाटेल. पण ती लिहिली गेली तेव्हा दोन वाक्यांत चित्र देणारी यंत्रं नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत एका कॉमिक पुस्तकाबाबत मजकूर आणि मांडणी लेखकाची मानली, मिडजर्नीची चित्रं मानली नाहीत. अ‍ॅलन यांनी तर निदान ६२४ वेळा सूचना बदलून बदलून चित्र मिळवलं होतं, त्यांनाही नोंदणी मिळाली नाही. तुझ्यापुरता अर्थ असा की संपादकांनी 'सर्व हक्क' लिहून मागणारा कागद पाठवला असेल, तर त्यावर सही करण्याआधी हे सांगणं भाग आहे.

आता चित्र. तू पाठवलंस ते मी मोठं प्रिंट काढून दोन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावून ठेवलं होतं. पहिल्या नजरेत छानच आहे. निळा आणि केशरी जमून आलेत, चेहरा गोड आहे. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना लक्षात आलं की बाई पायरीवर उकिडवी बसली आहे आणि तरी तिच्या निऱ्या पाचवारीसारख्या पायघोळ पसरल्या आहेत. नऊवारीत असं बसलं की लुगडं पोटरीवर ताणलं जातं. तो ताण कुठेच नाही. पणती खाली हातात आहे, पण गालावरचा उजेड वरून पडलाय. मागच्या देवळाचं शिखर खाली गोपुरासारखं आहे आणि वर घुमट.

या चुका तुला दुरुस्त करता येतील, आणि पुढचं यंत्र कदाचित त्या करणारही नाही. त्यामुळे माझं मत मी त्यांच्यावर उभं करत नाही. मला खटकलं ते असं की सगळं चित्र सारखंच घोटलेलं आहे. पदर, पायरीवरचं शेवाळ, आकाश, झाडाचं पान न् पान, सगळ्यांवर तेवढीच मेहनत. माणूस चित्र काढतो तेव्हा एका जागी रमतो, दुसऱ्या जागी कंटाळतो, तिसरीकडे नुसता हात फिरवून पुढे जातो. बघणाऱ्याची नजर बरोबर त्या रमलेल्या जागी जाऊन बसते. तुझ्या मुखपृष्ठावर माझी नजर बराच वेळ नुसती फिरत राहिली आणि शेवटी एकाच ठिकाणी थांबली. अंगठ्यावर. पणतीच्या काठाला टेकलेला, पेराशी जरा फुगलेला, नख सपाट कापलेलं. आयुष्यभर भांडी घासलेला हात आहे तो. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. तो आईचा अंगठा.

यंत्राकडून हे का होत नाही ते समजून घेतलंस तर वापरताना उपयोग होईल. शिकवताना असंख्य चित्रांवर थोडी थोडी खरखर मिसळत नेतात, पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या तशी, आणि ती काढून मूळ चित्राकडे कसं परतायचं ते यंत्राकडून घटवून घेतात. पुढे ते नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि तुझ्या शब्दांना धरून, जसं चित्र असण्याची शक्यता जास्त, तिकडे सरकत जातं. 'नऊवारीतली बाई' म्हटलं की इंटरनेटवर लग्नातल्या, फोटोशूटमधल्या नऊवारी ढिगाने आहेत. उकिडवं बसून पाण्यात हात घालणाऱ्या बायकांचे फोटो किती असणार?

आणि ती चित्रं आली कुठून, हाही प्रश्न आहेच. २०२२ मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे असंच चित्रं करणारं एआय ज्या साठ्यातल्या चित्रांवर शिकलं, त्या लायन-५बीमध्ये इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र आणि मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. काढणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी पोलंडच्या ग्रेग रुत्कोव्स्की या चित्रकाराचं नाव लोकांनी सूचनांमध्ये इतक्या वेळा लिहिलं की त्याच्या नावाने शोधलं तर त्याने न काढलेली चित्रं समोर येऊ लागली.

म्हणून एक विचारते, आणि उत्तर मला नको, स्वतःला दे. वर्णनात कुणाचं नाव लिहिलं होतंस का? 'दीनानाथ दलालांच्या धाटणीत' असं काही? भुवयांची लकब आणि मान वळवण्याची तऱ्हा बघून मला तशी शंका आली. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०३१ अखेरपर्यंत आहे. शैलीला मात्र कायदा कुलूप लावत नाही, आणि लावूही नये. आमची अख्खी पिढी दलाल आणि मुळगावकर गिरवत मोठी झाली. पण गिरवायला वर्षं लागायची, आणि त्या वर्षांत कधीतरी आपला हात त्यांच्या हातापासून फुटून निघायचा. एका ओळीत त्यांचं नाव लिहून चित्र मिळालं तर ती वर्षंच होत नाहीत. नाव लिहिलं असशील तर तेही संपादकांना सांग.

हे मी तुझ्याहून शहाणी म्हणून सांगत नाही. १९८८ मध्ये मी एका जाहिरात संस्थेत कमर्शियल आर्टिस्ट होते. मसाल्याच्या पोस्टरसाठी कोळीण हवी होती. एका इंग्रजी साप्ताहिकातला फोटो लाइटबॉक्सवर ठेवला, ट्रेसिंग पेपरवर रेषा उतरवून घेतल्या, पोस्टर कलरने रंगवलं आणि कोपऱ्यात सही ठोकली. दादरपासून कल्याणपर्यंत स्टेशनांवर ते लागलं. वर्षभराने जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर त्या छायाचित्रकाराने मला गाठलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, 'तिचं नाव माहीत आहे तुम्हाला?' त्याला माहीत होतं. तिच्या ओट्यावर बसून त्याने बोंबील-भाकरी खाल्ली होती. तिच्या कपाळावर एक खूण होती, ती कशाची हेही त्याला ठाऊक होतं. छपाईचा डाग समजून ती खूण मी गाळली होती. मी माफी मागितली, तरी पोस्टरवर सही माझीच राहिली.

तेव्हापासून सही करण्याआधी मी चित्र समोर ठेवते आणि मनातल्या मनात कुणालातरी त्यावर बोट ठेवू देते. कुठेही बोट ठेवून 'हे असं का?' विचारलं तर मला सांगता येतं का? तुझ्या चित्रावर हे करून बघ. अंगठा, रंग आणि अक्षरांबद्दल तू तासभर बोलशील. देऊळ असं का, बाई एकटी का, आकाशात मोर कशाला, यावर तुला गप्प बसावं लागेल. जिथवर बोलता येतं तिथवर नाव लाव.

यंत्राशी वैर धरू नकोस. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून लक्ष्मी-सरस्वती साध्यासुध्या घरांच्या देवघरांत पोचल्या. ते यंत्र चांगलंच होतं. पण एकेक रंग एकेका दगडावर उतरवणारे कारागीर होते, त्यांची नावं चित्राखाली नाहीत, आणि ती असायला हवी होती असं मला आजही वाटतं. ग्राहकाला रफ लेआउट दाखवायला, पाच-सहा रंगसंगती झटपट बघायला मीही एआय वापरते. फक्त यापुढे तुझ्या कोटेशनमध्ये एक ओळ कायमची टाक: 'या कामात एआयचा वापर झाल्यास तो कुठे आणि किती, हे आधी कळवलं जाईल.' ती ओळ असली की पुन्हा अशा रात्री निघणार नाहीत.

सरांना फोन करू नकोस, भेटायला जा. अंकाचं प्रिंट बरोबर ने. 'सर, तुम्ही ज्या हाताचं कौतुक केलंत तो माझा नाही, यातला अंगठा तेवढा मी काढला आहे,' असं सांग. रागावतील कदाचित, दुखावतील तर नक्कीच. मी शिकवत होते तेव्हा असं सांगायला आलेल्या मुलामुलींपैकी एकालाही मी मनातून उतरवलं नाही. दुसऱ्याकडून कळलं त्यांचं मात्र लागलं.

आता वारली भिंत. याबाबतीत मी ठाम आहे. ज्या पद्धतीने मागितलंय तसं ते काम घेऊ नकोस.

डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा भाग २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. या चित्रांचं मूळ लग्नघरात आहे. सुवासिनी भिंतीवर लग्नचौक काढतात, चौकात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या पट्ट्यातली कितीतरी घरं या कामावर चार पैसे मिळवतात.

तुझं पत्र आल्यावर मी मुद्दाम यंत्राकडे वारली नाच मागितला. त्याने पांढऱ्या त्रिकोणांची माणसं दिली. त्यांच्या चेहऱ्यांना डोळे आणि हसू होतं. मधे बासरीवाला, भोवती हातात हात धरून बंद कडं, गरब्यासारखं. ज्यावर हा नाच चालतो ते फुंकून वाजवायचं वाद्य, तारपा, तोच नाही. तारपा नाचात माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालतात, त्यांची रांग एका टोकाला उघडी असते आणि वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाते, आणि तारप्याकडे पाठ कुणी करत नाही. सोसायटीत हे कुणाच्याही ध्यानात येणार नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. ती भिंत दहा वर्षं तिथे राहील. रोज शाळेच्या बससाठी खाली उतरणारी मुलं तिच्याचकडे बघत मोठी होतील आणि तिलाच वारली समजतील.

सेक्रेटरींना नुसतं नाही म्हणू नकोस, दोन कोटेशनं घेऊन जा. पहिलं असं की डहाणूकडचे वारली कलाकार येऊन भिंत रंगवतील. मजुरी, रंग, परांची, राहणं-जेवण वेगवेगळं लिही. सगळं जुळवून आणण्याचे तुझे पैसेही त्यात उघड लिही, त्यात संकोच नको. खाली कोपऱ्यात त्यांची नावं येतील असंही लिही. आणि कमिटीला सांग, हा तुमच्या गेटसमोरचा रस्ता पुढे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, चारोटीला डावीकडे वळलं की डहाणू. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला आपण त्यांच्या घरी असू. एकदा जाऊन भिंती बघून आलेली कमिटी व्हिनाइलचं नाव काढणार नाही असं मला मनापासून वाटतं. दुसरं कोटेशन बजेट नसल्यास: तू स्वतः काढलेलं चित्र, येऊरचं जंगल किंवा आपली खाडी, हवं तर व्हिनाइलवर छापलेलं. त्याला वारली म्हणायचं नाही.

ते दोन्ही नाकारून दुसऱ्या कुणाकडून दोन दिवसांत एआयची भिंत लावून घेतील हेही शक्य आहे. तसं झालं तर काम जाईल, पैसे जातील, आणि आईच्या औषधांच्या महिन्यात ते चांगलेच जाणवतील. मी ते हलकं करून सांगणार नाही. पण तू विचारलं आहेस म्हणून सांगते, तुझ्या जागी मी असते तर ते जाऊ दिलं असतं. यात जुने विचार कुठून आले? तारपा कसा दिसतो याची काळजी करणारी २८ वर्षांची मुलगी मला हवीच आहे या धंद्यात.

संपादकांनी दुसरं चित्र मागितलं तर काय काढू, असा प्रश्न पडेल. संध्याकाळी मसुंदा तलावाच्या काठावर तासभर बस. फोन पिशवीत ठेव. पाण्यावर दुकानांच्या पाट्यांचे उजेड कसे तुटतात, कुठला रंग आधी विझतो, ते पेन्सिलने टिपून घे. मग घरी येऊन आईच्या हातात पणती दे. ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा ती पेटवू नकोस, शेजारी खाली टेबललॅम्प ठेव म्हणजे उजेड खालून पडेल. चेहरा नाही काढलास तरी चालेल. दोन हात, पणती आणि वर तुझी अक्षरं, एवढ्यावर मुखपृष्ठ उभं राहतं.

संपादकांना सकाळीच गाठ. या दिवसांत दुपारनंतर ते प्रेसमध्ये असणार, आणि मशीनच्या आवाजात तुझं बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं नाही.

तुझी,
ताई